लांबूनकाकांचे पाच मनोरे

लांबूनकाकांचं खरं नाव त्यांच्या पगारपत्रकावर होतं आणि ते तिथेच राहिलं. एकतीस वर्षं ते एका वास्तुरचनाकाराच्या कचेरीत इमारतींची मॉडेलं बनवत होते. जी इमारत अजून नुसती कागदावर आहे, ती आधी लाकडात आणि पुठ्ठ्यात हातभर उंचीची उभी करायची, भोवती स्पंजाची झाडं लावायची, पावट्याएवढ्या मोटारी ठेवायच्या आणि रस्त्यावर मोहरीएवढी माणसं सोडायची, हे त्यांचं काम. गिऱ्हाईक आलं की हमखास पुढे वाकायचं, "वा वा" म्हणायचं आणि बोट लांब करायचं. त्याच क्षणी कोपऱ्यातून आवाज यायचा, "लांबून!"

हा आवाज माणूस बघून कमीजास्त होत नसे. कचेरीच्या मालकांवर काका ओरडले होते. मालकांच्या सासऱ्यांवर ओरडले होते. एकदा नगराध्यक्ष आले, त्यांनी स्वतःच्याच कारकिर्दीतल्या नव्या पुलाकडे बोट नेलं, तेव्हा त्यांच्यावरही ओरडले. नगराध्यक्षांचं बोट हवेतच राहिलं आणि शेवटी त्यांनी ते नाक खाजवण्याच्या कामी लावलं. घरीसुद्धा टेबलावर गोंद ओला असला आणि काकू चहाचा कप घेऊन आल्या, की "लांबून!" काकू म्हणायच्या, "लग्नाला तेहतीस वर्षं झाली. अजून किती लांबून?"

घरात बाहेरच्या खोलीत एक काचेचं कपाट होतं. कचेरीतली मॉडेलं दुसऱ्यांच्या इमारतींची. या कपाटात होती ती काकांची स्वतःची दौलत. जगातल्या पाच नामांकित गगनचुंबी इमारती त्यांनी चौदा वर्षांच्या सुट्ट्या खर्चून हजारास एक या मापात केल्या होत्या. खऱ्या इमारतीचा एक मीटर म्हणजे कपाटातला एक मिलिमीटर. बुर्ज खलिफा आठशे अठ्ठावीस मीटरची, म्हणून कपाटात ब्याऐंशी सेंटिमीटर आणि आठ मिलिमीटर. कुणी नुसतंच "ब्याऐंशी" म्हटलं, तर काका भडकत. "आठ मिलिमीटर कुठे गेले? अडीच मजले खाल्लेस तू!"

स्वतः काका तळमजल्यावर राहत. जन्मात ते सगळ्यात उंच चढले होते ते कचेरीच्या चौथ्या मजल्यावर, आणि तेही लिफ्ट बंद म्हणून जिन्याने. पण या पाचजणींची माहिती त्यांना अशी, की चुलतभावाची मुलं एक वेळ ओळखू येणार नाहीत, क्रायस्लरच्या शिखराचे पत्रे मात्र झोपेतही मोजून देतील. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली काकांच्या कमरेला.

सहा महिन्यांपूर्वी कचेरीत मॉडेल छापणारं यंत्र आलं. काकांना निरोप मिळाला, एक घड्याळ मिळालं, आणि ते घरी बसले. पुढे तीन महिन्यांनी त्यांची बहीण त्यांच्याकडे राहायला आली.

ही अक्का. काकांपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा काका सहा वर्षांचे होते आणि अक्का पंधराची. ती शेजारणीच्या मशीनवर शिवण शिकली आणि पुढची पन्नास वर्षं तिने शाळांचे गणवेश शिवले. भावाला तिनेच वाढवलं, त्याचं लग्न तिनेच जमवलं. स्वतःचं लग्न? "सवड कुठे झाली?" असं ती म्हणायची. तोंडाने फटकळ, हाताने चोख. कापड घेताना दुकानदाराने दहा गुण सांगितले तरी अक्का अंगठा आणि बोट यांच्यात ते एकदा चोळायची आणि म्हणायची, "पहिल्या धुण्याला आटेल." ते आटायचंच. कुणी तिच्या शिवणीचं कौतुक केलं, तर ती सदरा उलटा करून समोर धरायची. "आधी आतली बाजू बघा. वरून काय, सगळेच राजे." धाकटा भाऊ शाळेत निघाला की त्याच्याही शर्टाची आतली बाजू बघून, लोंबणारा दोरा दाताने तोडून मगच त्याला दाराबाहेर सोडायची.

या अक्काच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. आधी कडा गेल्या, मग मधलं गेलं. नजर गेल्यावरही तिने वर्षभर अंदाजाने मशीन चालवलं. शेवटी एक दिवस गॅस चालू राहिला, तेव्हा काका जाऊन तिला आणि तिच्या मशीनला घेऊन आले.

आल्या दिवशी त्यांनी तिला खोलीच्या मधोमध उभं करून घराचा नकाशा समजावला. "हे बघ अक्का, उजवीकडे माझं कपाट आहे, तिकडे जाऊ नकोस. डावीकडे टेबल, त्यावर गोंद ओला असतो. समोर दिवा आहे, तो डगमगतो. काही लागलं तर हाक मार."

"म्हणजे मला कुठे जाता येईल?" अक्काने विचारलं.

"खुर्ची आहे ना," काका म्हणाले. "खिडकीजवळ. छान वारा येतो."

अक्का खुर्चीत बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. तीन महिने तशीच बसली. काकांना वाटलं, बिचारीने पन्नास वर्षं पाय मारले, आता विसावा घेते आहे. ते तिच्यासमोर वर्तमानपत्र वाचत, औषधांच्या वेळा घड्याळ लावून पाळत आणि ती टेबलाकडे वळली की लगबगीने उठून तिला पुन्हा खुर्चीत बसवत. भाऊ असावा तर असा, असं त्यांचं त्यांनाच वाटत असे.

एका गुरुवारी जेवताना अक्का म्हणाली, "रविवारी दहा वाजता गाडी येणार आहे."

"कसली गाडी?" काकांनी विचारलं.

"त्या निवासाची. नजर गेलेल्यांसाठी आहे ना, नदीपलीकडे? माझ्याकडे गणवेश शिवून घ्यायला यायच्या त्या बाईंनी फोन लावून दिला. जागा आहे म्हणाले."

काकांचा घास तोंडाशीच थांबला. "इथे काय कमी आहे तुला?"

"काही नाही रे, बारक्या." अठ्ठावन्न वर्षांच्या, डोक्यावर चंद्र उगवलेल्या भावाला अक्का अजून बारक्याच म्हणत असे. "सगळं वेळच्या वेळी मिळतं. तिथे भिंतीभिंतीला दोर बांधलाय म्हणे, कमरेच्या उंचीवर. दोर धरायचा आणि वाटेल तिथे चालायचं. कुणाला विचारायला नको."

"मी काय नाही म्हणतो का कशाला?"

अक्काने पाण्याचा पेला चाचपायला हात पुढे केला. तोवर काकांनी तो उचलून तिच्या हातात दिलाही. "नाही," ती म्हणाली. "तू कशालाच नाही म्हणत नाहीस."

शुक्रवारी सकाळी काकू टपाल कचेरीत निघाल्या. पंचवीस वर्षं खिडकीमागे बसून शिक्के मारल्यामुळे त्यांचं बोलणंही तसंच झालं होतं. एकदा मारलं की उमटलं. दारात चप्पल घालता घालता त्या म्हणाल्या, "त्या का जातायत, कळलं का तुम्हाला?"

"दोरासाठी म्हणाली ना."

"अहो, ज्याचे डोळे गेले, त्याला उरतात हात. आणि तुमच्या घरात हात लावायला फक्त स्वतःची मांडी आहे."

"मी तिला जपतो!"

"मॉडेलासारखं जपता. फक्त वरून काच तेवढी टाकायची राहिली आहे." मग दुसरी चप्पल घालत त्या म्हणाल्या, "तुम्हाला ते हॉस्पिटल आठवतं? वीस वर्षांपूर्वीचं? आम्ही दोघी डबा घेऊन तुमच्या कचेरीत आलो होतो."

काकांना हॉस्पिटल लगेच आठवलं. दोनशे चाळीस खिडक्या, प्रत्येक हाताने कापलेली. चांगले पाचसहा पाहुणे भोवती उभे होते.

"अक्का खिडक्यांकडे बोट घेऊन गेल्या. त्यांची रीतच ती, बोट लावल्याशिवाय त्यांना दिसत नाही. डोळे होते तेव्हाही दिसत नव्हतं. आणि तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात. इस्त्रीचा चटका बसावा तसा त्यांनी हात मागे घेतला. त्यानंतर त्या कधी तुमच्या कचेरीत आल्या का, आठवून बघा." एवढं बोलून काकू गेल्या.

काका बराच वेळ आठवत बसले. त्यांना खिडक्या आठवल्या, पाहुण्यांचे बूट आठवले, पुढे आलेलं एक बोटही आठवलं. पण त्या बोटामागे अक्का होती, हे काही केल्या आठवेना. त्यांना नेहमी फक्त बोटच दिसत आलं होतं. ज्या बोटाला धरून आपण शाळेत गेलो ते बोट आपण ओळखलं नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात कुसळासारखी रुतून बसली.

दुपारभर येरझारा घातल्यावर त्यांनी ठरवलं, की अक्काला आपले पाच मनोरे दाखवायचे. वीस वर्षांचं राहिलेलं आज फेडायचं. त्यांनी तिची खुर्ची कपाटासमोर आणली, तिला त्यात बसवलं, घसा खाकरला आणि सुरुवात केली.

"अक्का, ही डावीकडची क्रायस्लर. भारी लबाड! हिची आणि दुसऱ्या एका इमारतीची शर्यत लागली होती, जगात उंच कोण. तर हिच्या लोकांनी काय करावं? छप्पन मीटरचं शिखर गुपचूप इमारतीच्या पोटात जोडून ठेवलं. समोरच्याचं काम संपलं, तो खूश झाला, आणि मग यांनी दीड तासात ते शिखर पोटातून वर काढून बसवलं. समोरचा बघतच राहिला."

"हं," अक्का म्हणाली.

"पण हिची मिजास वर्षभरसुद्धा टिकली नाही. ही शेजारची एम्पायर स्टेट आली. एकशे दोन मजले, आणि एक वर्ष पंचेचाळीस दिवसांत उभी! आपल्या कोपऱ्यावरचं गटार किती दिवस चाललंय?"

"हं."

काका रंगात आले. एम्पायर स्टेटच्या डोक्यावरचा मनोरा फुग्यासारखी तरंगणारी हवाई जहाजं बांधून ठेवायला केला होता, पण तिथला वारा असा, की तो बेत बारगळला. तैपेईच्या एकशे एक मजली इमारतीत वरच्या मजल्यांच्या मधोमध सहाशे साठ टनांचा पोलादी गोळा टांगलाय. वादळात इमारत डावीकडे झुकली, की गोळा उजवीकडे ओढून तिला ताळ्यावर आणतो. शांघायची इमारत पायापासून शेंड्यापर्यंत पीळ घेत जाते, म्हणजे वाऱ्याला नीट पकड मिळत नाही. आणि बुर्ज खलिफा, तिच्या तळाला तीन पंख, एकमेकांना टेकू देऊन उभे... काका बोलत होते, काचेवर टिचकी मारून जागा दाखवत होते, मध्येच मागे सरून "इथून बघ, इथून जास्त छान दिसते" म्हणत होते. तासभर झाला.

दारातून आवाज आला, "अहो."

काकू कामावरून परत येऊन कधीपासून उभ्या होत्या, कुणास ठाऊक. खांद्याची पिशवीही उतरवली नव्हती. "ज्यांना दिसत नाही, त्यांना तुम्ही काचेतून दाखवताय. निदान कपाट तरी उघडा!"

काका काचेकडे बघत राहिले. मग अक्काकडे. अक्काची मान एका बाजूला कलली होती, पण ती झोपली नव्हती. ओठ हसू आवरत होते.

काकांनी कमरेची किल्ली काढली. कुलूप कुरकुरलं. दार उघडलं. आतून लाकडाचा आणि जुन्या गोंदाचा वास आला, तो अक्काला कळला असावा, कारण ती ताठ बसली. तिचा उजवा हात मांडीवरून उठला. सावकाश, विचारत विचारत पुढे आला. एम्पायर स्टेटच्या टोकापासून चार बोटांवर आला.

"लांबून!"

एकतीस वर्षांची सवय ती. शब्द सुटला तेव्हा काकांनाच दचकायला झालं. त्यांनी हाताने तोंड दाबलं, पण बाण गेला होता. अक्काचा हात मागे फिरला आणि मांडीवर जाऊन दुसऱ्या हातात गुंतला.

"राहू दे, बारक्या," ती अगदी शांतपणे म्हणाली. "ऐकून कळलं सगळं. छान केल्या आहेस." आणि काकूंकडे तोंड करून म्हणाली, "माझे कपडे तेवढे उद्याच बॅगेत भरून दे गं. रविवारी घाई नको."

शनिवारी सकाळी काकूंनी बॅग भरली. तळाशी अक्काचा शिवणकामाचा पत्र्याचा डबा, त्यावर कपडे, त्यावर शाल. बॅग पलंगाजवळ उभी करून त्या अर्ध्या दिवसाच्या कामाला निघून गेल्या. जाताना काकांशी त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. तो शिक्का बोललेल्या शिक्क्यापेक्षा खोल उमटला.

काकांची आता एकच योजना होती. आपल्या तोंडाचा भरवसा नाही, हे सिद्धच झालं होतं. तेव्हा कपाटाच्या काचाच काढून टाकायच्या, खुर्ची तिथे नेऊन ठेवायची आणि आपण सरळ स्वयंपाकघरात जाऊन दार लावून बसायचं. माणूस खोलीतच नसला, तर ओरडणार कसा? त्यांनी पेचकस घेतला आणि कामाला लागले. पहिली काच उतरली, दुसरी उतरली. काढलेले स्क्रू ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी ते ओठांत धरले. तिसरी काच निघता निघेना, म्हणून त्यांनी कोपर मागे घेऊन जोर लावला. कोपर एम्पायर स्टेटला लागलं. एम्पायर स्टेट डगमगली, सावरली, पण तिच्या शेंड्याची सुईएवढी बारीक तार सटकून टिणकन फरशीवर पडली आणि गडप झाली.

"काय पडलं?" खिडकीजवळून अक्काने विचारलं.

काकांनी स्क्रू हातात घेतले. "शेंडा."

"कुणाचा?"

"एम्पायर स्टेटचा."

"कुणी पाडला?"

कपाटापासून लांब राहा, असं काका जगाला सांगत आले होते. जगाने ते ऐकलं होतं. पाडणारा एकच उरला होता. "मी," ते म्हणाले.

खुर्चीतून आधी एक बारीक आवाज आला, मग दुसरा, आणि मग अक्का मोठ्याने हसायला लागली. तीन महिन्यांत हसली नव्हती तेवढं हसली. पोट धरून, डोळ्यांना पदराने नव्हे, थेट तळव्यांनी पुसत. "अरे देवा, बारक्या! नगराध्यक्षाला हात लावू दिला नाहीस, आणि स्वतः कोपराने... "

"हस तू. ती सापडली पाहिजे. सहा सेंटिमीटरची तर आहे." काका गुडघ्यांवर बसले. चष्मा नाकावर होता, डोक्यावर होता, पुन्हा नाकावर आला. फरशी ठिपक्याठिपक्यांची; प्रत्येक ठिपका तार वाटायचा. स्क्रू त्यांनी पुन्हा ओठांत धरले होते, कारण आता तेही हरवायचे.

"सरक," जवळून आवाज आला. अक्का खुर्चीतून उठून जमिनीवर बसली होती. तिने तळहात फरशीवर सपाट टेकवला आणि तो अर्धवर्तुळात फिरवायला सुरुवात केली. मग थोडं पुढे सरकून पुन्हा अर्धवर्तुळ. पन्नास वर्षं पडलेल्या सुया हुडकणारा हात होता तो. मूल घरात रांगतंय म्हणून सुई सापडल्याशिवाय चूल न पेटवणारा हात. काकांनी तिला तो असा फिरवताना शेकडो वेळा पाहिलं होतं. तेव्हा रांगणारं मूल शेजारणीचं होतं आणि ते स्वतः टेबलावर चढून बसलेले असत, कारण अक्काचा हुकूम तसा होता.

कपाटाच्या मागच्या पायाशी हात थांबला. "ही घे. टोक वाकलंय जरासं." आणि लगेच, "कुठे बसते ही?"

"व्हं..." काका म्हणाले.

"दे इकडे ती इमारत."

अक्काचा हात वर आला, फळीच्या कडेला लागला, कडेवरून आत गेला. काकांच्या पोटातून तो शब्द निघाला, घशात आला, ओठांशी आला आणि चार स्क्रूंना धडकून "अंऊं" एवढाच बाहेर पडला.

"काय म्हणालास?"

"अंअं."

"तोंडात स्क्रू धरलेस ना? शिकलास कुणाकडून? मी टाचण्या धरायचे ते बघून तूही धरायचास. एक गिळणार होतास." बोलता बोलता तिची बोटं इमारतीवर पोहोचलीसुद्धा होती. तिने ती अलगद उचलून मांडीवर घेतली. चौदा वर्षांत काकांच्या हातांशिवाय दुसऱ्या हाताने तिला स्पर्श केला नव्हता.

बोटं खालून वर निघाली. "इथे आत घेतलंय... परत इथे. परत. पायऱ्या पायऱ्यांनी निमुळती होत जाते. मुलगी वाढते तशी झग्याची दुमड उसवत जावी, तसं आहे हे, फक्त उलटं." अंगठा शेंड्याशी आला. "आणि इथे तुझी ती हवाई जहाजं बांधायचे?"

काकांनी मान हलवली. मग ती हलवलेली दिसणार नाही हे लक्षात येऊन स्क्रू थुंकून म्हणाले, "हो."

"खुळेच होते. एवढ्या वर वाऱ्यात साधा रुमाल वाळत घालता येणार नाही." तिने तार भोकात बसवली, नखाने दाबली. मग इमारत फिरवली, आणि तिची बोटं थबकली. एकदा वर गेली, एकदा खाली आली. "बारक्या, इकडे काय आहे?"

"ती... मागची बाजू आहे."

"इथे तर काहीच नाही. खिडकी नाही, रेघ नाही. नुसतं पाटासारखं."

"भिंतीकडे असते ती. कुणाला दिसत नाही. मॉडेलात जे दिसायचं नाही ते करत नाहीत, अक्का. सगळेच नाही करत."

"पाचही अशाच?"

काका पेचकस पुसायला लागले.

"मी तुला आतली बाजू न बघता कधी शाळेत पाठवलं होतं?"

"नाही."

"जगातल्या एवढ्या मोठ्या इमारती, आणि तू त्यांना उघड्या पाठीने उभं केलंस!" हे ती रागाने बोलली, पण असल्या रागाचा आवाज काकांनी फार दिवसांत ऐकला नव्हता. ती पाहुणी म्हणून तीन महिने "छान आहे", "पुरे आहे" म्हणत आली होती. दोष काढणारी अक्का आज पहिल्यांदा या घरात राहायला आली.

"दुसरी दे," ती म्हणाली.

काकांनी दिली. क्रायस्लरच्या शिखराच्या कमानी तिने मोजल्या आणि त्या बरोबर निघाल्या. बुर्ज खलिफाच्या तळाचे तीन पंख चाचपून ती म्हणाली, "झग्याला जोडतात तशा तीन कळ्या जोडल्यात. म्हणून पडत नाही." काका चौदा वर्षं तेच सांगायला पानभर बोलत आले होते. तैपेईची इमारत तिने उचलून जरा तिरकी केली, तर आतून 'टक' असा आवाज आला. तिने पुन्हा तिरकी केली. टक.

"हिच्या पोटात काय आहे?"

काकांचे डोळे एकदम भरून आले. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. गोळा! शिशाचा, वाटाण्याएवढा, दोऱ्याने टांगलेला. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी तो आत बसवला होता, वरचं झाकण लावलं होतं आणि कुणाला बोलले नव्हते. बाहेरून तो दिसत नव्हता. इमारत कुणी हलवल्याशिवाय तो आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता, आणि हलवायला त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं नव्हतं.

"गोळा आहे," ते म्हणाले. "तोल सांभाळायला."

"खरंच टांगलायस?" अक्काचा चेहरा उजळला. तिने इमारत कानाशी धरून पुन्हा हलवली. "मग हिला आतली बाजू आहे की रे. चल, एक तरी सुटलास."

शेवटी शांघायची आली. अक्काची बोटं पिळाबरोबर गोल गोल वर चढली. खाली आली. पुन्हा चढली. तिने भुवया आक्रसल्या. "पीळ किती द्यायचा होता?"

"एकशेवीस अंश. वर्तुळाचा तिसरा भाग."

"वर जाऊन कमी पडलाय. खाली घाई केलीस आणि वर दमलास."

"शक्यच नाही! मी कोनमापक लावून..."

"दोरा लावून बघू. माझ्या डब्यात पांढरा दोरा आहे, काढ."

डबा बॅगेच्या तळाशी होता. काकांनी शाल काढून पलंगावर टाकली. कपडे काढले, एकावर एक ठेवले, ते घसरून पसरले. डबा आला. अक्काने दोऱ्याचं टोक पिळाबरोबर वर चढणाऱ्या खाचेच्या तळाशी अंगठ्याने धरलं, दोरा खाचेतून फिरवत शेंड्यापर्यंत नेला, आणि दोरा किती अंश वळला ते भावाला मोजायला सांगितलं. काकांनी मोजलं. पुन्हा मोजलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजलं.

"किती?" अक्का म्हणाली.

"एकशे चौदा," काका म्हणाले.

"हं," अक्का म्हणाली. हा 'हं' कालच्या 'हं'पेक्षा अगदी वेगळा होता.

दुपारी काकू आल्या तेव्हा काचा भिंतीला टेकून उभ्या होत्या, नवरा फरशीवर मांडी घालून एम्पायर स्टेटच्या पाठीवर पेन्सिल दाबून खिडक्यांच्या खोल रेघा आखत होता आणि नणंद शेजारी बसून त्या रेघांवरून नख फिरवत होती. "ही वाकडी." "कुठे वाकडी?" "माझं नख खोटं बोलतं का?" काकूंनी पलंगावरच्या कपड्यांच्या ढिगाकडे पाहिलं, रिकाम्या बॅगेकडे पाहिलं आणि काही न विचारता चहा टाकायला गेल्या. कपडे कुणी आवरले नाहीत.

रविवारी बरोबर दहाला निवासाची गाडी आली. गाडीबरोबर आलेला माणूस धिप्पाड आणि अदबशीर होता. "आजींचं सामान?" म्हणत तो आत आला, पलंगाजवळच्या बॅगेला त्याने दोन्ही हातांनी पकडलं, ओझ्याचा अंदाज घेऊन दणकून उचललं, आणि बॅग पिसासारखी वर आल्यामुळे तोल जाऊन पलंगावर बसला.

"बॅग रिकामी आहे हो!"

"असू दे," अक्का म्हणाली. "तुम्हाला फुकट फेरी पडली. माझं इथे थोडं काम निघालंय. चार पाठी राहिल्यात, आणि एकीचा पीळ उसवायचाय. महिनाभर तरी मला निघता येणार नाही. पुढचं पुढे बघू. जागा दुसऱ्या कुणाला द्या. पण तो दोर कसला वापरता, जाड की बारीक, ते मात्र याला सांगून जा."

माणसाने दोर सांगितला, उंची सांगितली, काकांनी ती मिलिमीटरमध्ये लिहून घेतली. मग काकूंनी त्याला चहा दिला. कप हातात घेऊन तो उघड्या कपाटाशी गेला, वाकला आणि "आई गं, काय काम केलंय!" म्हणाला. पण शहाणा माणूस होता. मोकळा हात त्याने आपण होऊन पाठीमागे नेऊन ठेवला.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. अक्काने काही पाहिलं नाही, पण तिने मान त्या दिशेला वळवली होती. खिशात स्क्रू होते, तोंडात एकही नव्हता.

"लावा," ते म्हणाले. आवाज जरा चिरकला, म्हणून पुन्हा म्हणाले, "लावा ना हात. तैपेईवाली उचलून हलवून बघा. बाकीच्यांची मागची बाजू अजून कच्ची आहे, तेवढं सांभाळा."